वहिनीने पसंत केलेला ट्रेलर

माझी वहिनी कपडे शिवते, आणि गाडी अशी चालवते की तिच्या शेजारी बसणाऱ्याने घरच्यांचा नीट निरोप घेऊन यावं. मी रंगकाम करतो. उंच शिडीवर एका पायावर उभा राहून छताची कड ओढतो. लोक म्हणतात, याला भीती म्हणून ठाऊक नाही. त्या लोकांना एकदा वहिनीच्या व्हॅनमध्ये बसवा, मग बोला म्हणावं माझ्याशी.

दादाच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. दारातून आत शिरलं की पहिल्यांदा लागतं ते बेतायचं टेबल, चांगलं लांबरुंद, जाड लाकडाच्या फळ्यांचं. त्याच्यापलीकडे खिडकीशी मशीन. दवाखान्यातल्या नर्सचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे, शाळेतल्या शिपायांचे गणवेश ती शिवते आणि स्वतःच्या जुन्या व्हॅनमधून पोचवते. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं आणि त्याने पोट आत ओढलं, की वहिनी टेप गळ्यात टाकून स्वस्थ बसून राहते. "सोडा श्वास," म्हणते, "मला वेळ आहे. शर्ट घालून तुम्ही दिवसभर असे थोडेच उभे राहणार आहात?" मोठमोठे साहेब तिच्यापुढे मुकाट्याने पोट सोडतात.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, जन्मभर एका कारखान्यात लेथवर होता. माणूस अबोल. त्याचं जे काही बोलणं ते लोखंडाशी. घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने सुट्टीच्या दिवशी, सणावाराला, आजारपणाची रजा काढूनसुद्धा एक गाडी बांधली होती. दोन सीटची, बिनछपराची, इंजिन मागे, आणि उंची किती? माझ्या गुडघ्याच्या जरा वर. वहिनी म्हणायची, या गाडीत बसायचं नसतं, ही अंगात घालायची असते. पण खरं सांगतो, तिच्या पत्र्याची गोलाई अशी उतरली होती की मी रंगारी असून तिला रंग द्यायला माझा हात धजेना. शेवटी दादानेच दिला. चांगला दिला, हे मला कबूल करावं लागलं आणि ते मला फार जड गेलं.

घरी बांधलेली म्हणून त्या गाडीला रस्त्याचा परवाना नाही. ती पळवायची जागा एकच. आमच्याकडून बऱ्याच लांब एक डोंगररस्ता आहे, तो वर्षातून एका रविवारी इतर वाहनांना बंद करतात आणि हौशी लोकांच्या गाड्यांची शर्यत लावतात; एकेक गाडी वर सोडायची आणि तिचा वेळ मोजायचा. दादा दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी नेऊ. कधी त्याला ब्रेक पटायचे नाहीत, कधी गिअर. त्याला काहीतरी खुट्ट वाजल्याचं ऐकू यायचं, जे जगात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नसे. असं पुढचं वर्ष पुढे ढकलत ढकलत दादा रिटायर झाला, आणि मग त्याच्या डोळ्यांचं निघालं.

त्याची नजर कडेने जात होती. समोरचं दिसायचं, आजूबाजूचं नाही. हातातली बांगडी डोळ्यांसमोर लांब धरून तिच्यातून बघा, तेवढंच. आणि बांगडी दर महिन्याला लहान होत होती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं, की हे थांबवता येणार नाही, पुढच्या वर्षी यातलं काही उरेल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. दादा घरी आला, गॅरेजमध्ये गेला, गाडीवर जुनी चादर घातली आणि बाहेर येऊन म्हणाला, "विकून टाकू."

वहिनी मशीनवर होती. तिने शिवण पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "विकू की. पण आधी ती डोंगर चढताना तुम्ही बघायची. या वर्षी. डोळे आहेत तोवर."

"चालवणार कोण?"

"मी."

"आणि तिथवर नेणार कशी? डोक्यावरून?"

"ते माझ्याकडे लागलं," वहिनी म्हणाली. दादा काहीतरी पुटपुटत उठला आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटला. "अहो, दार डावीकडे आहे," वहिनी मान वर न करता म्हणाली. असं ती नेहमी म्हणायची, जसं एखाद्याला पाऊस आलाय, छत्री घ्या म्हणावं तसं. तिने दादाची कीव केलेली मी कधी पाहिली नाही. कीव केली असती तर त्याने घर सोडलं असतं.

तर असा ट्रेलर घरात आला. म्हणजे आधी त्याचा विषय आला, आणि विषयाने आमच्या डोक्याचा भुगा केला. मी म्हटलं, "वहिनी, मालवाहू ट्रक सांग आणि मोकळी हो." पण एकदा नेऊन भागणार नव्हतं. शर्यतीआधी गाडीची तपासणी एका गावी, वहिनीचा सराव दुसऱ्या गावी, कुठे काही मोडलं तर मेकॅनिककडे. प्रत्येक खेपेला ट्रक करायचा तर व्हॅन विकावी लागली असती. गाडी वर घालून व्हॅनच्या मागे ओढायचा ट्रेलर हवा, आणि तो आपल्याला झेपणारा हवा.

पहिल्यांदा आम्ही शोरूममध्ये गेलो. तिथे ॲल्युमिनियमचा ट्रेलर होता, हलका, चकचकीत, मागचा भाग आपोआप कलून जमिनीला टेकणारा. वहिनीने त्याला सगळीकडून हात लावून पाहिला, सेल्समनचं सगळं ऐकून घेतलं, मग किंमत ऐकली. "सुंदर आहे हो," ती म्हणाली, "तुमच्याकडेच राहू दे." बाहेर आल्यावर म्हणाली, "भाऊजी, चहा घरी जाऊन पिऊ. इथला परवडायचा नाही."

मग भाड्याने देणाऱ्यांच्या अड्ड्यावर. तिथले ट्रेलर दणकट, चार चाकांचे, आणि भाडंही बरं. मला वाटलं जमलं. वहिनी म्हणाली, याचं वजन सांगा. त्या माणसाने सांगितलं. तिने व्हॅनच्या दारावरची पट्टी वाचली होती, व्हॅनने मागे किती ओढावं ते तिथे लिहिलेलं असतं. तिने बोटांवर बेरीज केली आणि मान हलवली. नुसता ट्रेलरच व्हॅनची निम्मी ताकद खात होता. वर गाडी ठेवली तर उताराला व्हॅन ट्रेलरला ओढणार, की ट्रेलर व्हॅनला ढकलणार? तो माणूस म्हणाला, "सगळे नेतात हो बाई, काही होत नाही." वहिनी म्हणाली, "मागे माझ्या नवऱ्याची गाडी असणार, आणि पुढे माझा नवरा." विषय संपला.

तेव्हा कळलं की आपल्याला हवा एका अक्षाचा, दोन चाकांचा, हलका, बुटका ट्रेलर. आणि जुना. असा ट्रेलर शोधणं म्हणजे काय दिव्य असतं ते मला विचारा. वहिनी गणवेश पोचवायला जायची तिथे चौकशी करायची, आणि सुट्टीच्या दिवशी मला मागून फरफटत न्यायची.

आता तिची पद्धत ऐका. मी कुठेही गेलो तरी असं करणारं माणूस पाहिलेलं नाही. दुसऱ्या कुणी गाडीची लांबी-रुंदी कागदावर टिपून नेली असती. वहिनीने अस्तराच्या उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून गाडीच्या तळाएवढं एक अखंड कापड शिवलं. त्यावर चार चाकांच्या जागी काळे चौकोन. इंजिन जिथे येतं तिथे लाल ठिगळ. पोटाचा सगळ्यात खालचा भाग खडूने आखून वर उभी टीप मारलेली. गाडीचं पोट चाकाच्या तळापासून किती उंच, त्या मापाची एक फीत त्याला लटकवलेली. हे कापड घडी करून पिशवीत, आणि पिशवी काखेत. ट्रेलर दिसला की ती चढायची वर, कापड झटकून पसरायची, कोपरे ओढून सारखे करायची आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहायची. विकणारे आधी हसायचे. मग तिच्या शेजारी उभे राहून आपणही बघायचे.

भंगारवाल्याच्या आवारात घरगुती जोडकामाचा एक ट्रेलर मिळाला. किंमत इतकी कमी की मला शंकाच आली. कापड बसलं. वहिनी खूश. मी मात्र खाली वाकलो. लोखंड निळ्याशार रंगात नुसतं झळकत होतं, आणि जुन्या वस्तूला नवा रंग दिसला की रंगारी आधी त्याच्या खालचं बघतो. मी नखाने एक पोपडा काढला. खाली गंज. दुसरा काढला. खाली भोक. भंगारवाला म्हणाला, "ओ, रंग खराब करू नका!" मी म्हटलं, "मालक, रंगाशिवाय इथे आहे काय?" वहिनीने कापडाची घडी घातली. व्हॅनमध्ये बसल्यावर म्हणाली, "भाऊजी, आज तुम्ही कामाला आलात." तिच्या तोंडून ही मोठी पदवी आहे. मी ती अजून जपून ठेवली आहे.

शेवटी ट्रेलर मिळाला तो मधमाश्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. तो आपल्या पेट्या ट्रेलरवर घालून एका बागेतून दुसऱ्या बागेत न्यायचा. आता कंबर धरली होती, काम मुलीच्या हाती दिलं होतं आणि तिने मोठा ट्रक घेतला होता. ट्रेलर झाडाखाली उभा होता. पेट्या उचलून ठेवायला सोपं जावं म्हणून अगदी बुटका, सपाट, फळ्यांना मेणाचा वास. म्हाताऱ्याने चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून दाखवली. कान लावून ऐकावं तर फक्त सळसळ. वहिनीने कापड पसरलं. चारही काळे चौकोन फळ्यांवर बसले आणि दोन्ही बाजूंना वीत वीत जागा उरली.

म्हातारा लाल ठिगळाकडे बघत होता. "हे काय?"

"इंजिन."

"मागे आहे? मग गाडी उलटी चढवा, ढुंगणाकडून. जड बाजू चाकाच्या जराशी पुढे यायला हवी. नाहीतर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा हलवायला लागला की देवसुद्धा थांबवत नाही."

वहिनीने तिथल्या तिथे कापड उचललं, फिरवून उलटं घातलं, आणि लाल ठिगळ जिथे आलं ते बघून म्हाताऱ्याने मान डोलावली. मग किमतीवर घासाघीस सुरू झाली. म्हातारा काही खाली येईना. इतक्यात त्याची मुलगी पेट्यांकडून आली. अंगातला संरक्षणाचा पांढरा झगा काखेत उसवलेला, तोंडावरची जाळी दोऱ्याने बांधलेली. वहिनीची नजर तिच्या काखेवर गेली ती हटेना. तिला उसवलेलं बघवतच नाही, दुखणंच आहे ते. "हे कुणी शिवलं?" तिने विचारलं. विकत आणलेलं होतं. "असं कुठे शिवतात का? हात वर केला की माशी आत जाणार." मग काय, पुढच्या अर्ध्या तासात वहिनीने त्या मुलीचं माप घेतलं, तिच्या नवऱ्याचं अंदाजाने लिहून घेतलं, आणि ट्रेलरची निम्मी किंमत रोख आणि उरलेल्या निम्म्यात दोघांना दोन-दोन झगे, जाळीसकट, असा सौदा ठरला. म्हातारा मला हळूच म्हणाला, "तुमची वहिनी आम्हाला आधी भेटली असती तर एवढे डंख खाल्ले नसते."

हे सगळं मी अभिमानाने सांगतोय हे खरं, पण पुढे जे झालं तेही सांगायला हवं.

ट्रेलर घरी आला. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत आम्ही गाडी चढवायला घेतली. चढवायला दोन लोखंडी पट्ट्या आणल्या होत्या, उंचीचं माप बघून, पुरेशा लांब. दादाही आला, एका बाजूला उभा राहिला. मी हाताने फिरवायची चरखी फिरवतोय, तार ताणतेय, गाडी पाठमोरी हळूहळू वर जातेय. आणि अर्ध्यावर खर्रर्र आवाज झाला. गाडीचं पोट ट्रेलरच्या कडेवर टेकलं. मागची चाकं ट्रेलरवर, पुढची पट्टीवर, आणि मधे पोट अडकलेलं. तो आवाज ऐकून दादाचा चेहरा असा झाला की तो मी पुन्हा कधी बघू नये. तो गुडघ्यांवर बसला, हाताने चाचपत गाडीखाली गेला आणि बोटांनी ओरखडा शोधून काढला. "झालं तुमचं समाधान?" म्हणाला. "सांगत होतो विकून टाका." आणि उठून आत निघून गेला.

शर्यतीचा रविवार महिन्यावर आलेला. मी चरखी उलटी फिरवून गाडी पुन्हा जमिनीवर आणली. वहिनी जमिनीवर फतकल मारून बसली. मापाची फीत हातात. गाडीखाली धरून बघते तर फीत जमिनीवर चार बोटं लोळतेय. "माप चुकलं कसं?" ती स्वतःशीच म्हणत होती. "मी माप चुकत नाही हो भाऊजी." मग ती एकदम थांबली, कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. मला वाटलं, गेलं, डोक्यावर परिणाम झाला. "अहो," ती म्हणाली, "गिऱ्हाईक लटकत होतं! मी लटकलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेतलं!"

माप घेतलं तेव्हा गाडी गॅरेजमध्ये लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली होती. वर्षानुवर्षं ती तशीच असायची, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. चाकं स्प्रिंगच्या टोकाशी लोंबत होती आणि पोट त्यांच्यापासून मस्त उंच दिसत होतं. स्वतःच्या पायांवर उभी राहिल्यावर गाडी बसली ती चार बोटं खाली. साहेबलोकांना पोट सोडा म्हणून दटावणारी बाई, आणि घरच्या गिऱ्हाइकाने पोट आत ओढलंय हे तिलाच दिसलं नाही. मीही हसलो, काय करू. पण हसून चढाव कमी होत नाही. पट्ट्या पाहिजेत अजून लांब, दुप्पट म्हणा, म्हणजे चढ सौम्य होईल. तेवढ्या लांब पट्ट्या दुकानात नव्हत्या, मागवायच्या तर रविवार उलटून जाणार.

वहिनी उठली, हात झटकले आणि आत गेली. आतून ठाकठोक ऐकू यायला लागली. मी जाऊन बघतो तर बेतायच्या टेबलावरचं सगळं कापड खाली, आणि बाई टेबलाचे स्क्रू काढतायत. मी म्हटलं, "वहिनी, वेड लागलंय का? तुझं पोट त्या टेबलावर आहे!" ती म्हणाली, "जमीन काय कुणी नेलीय? जमिनीवर बेतेन. धरा ते टोक." त्या टेबलाच्या जाड, लांब फळ्या आम्ही बाहेर आणल्या, मधे ओंडक्यांचा टेकू दिला. मी म्हटलं दादाला बोलावू. ती म्हणाली, "बोलवू नका. त्यांना ऐकू येईल."

चरखी फिरवली. गाडी वर गेली. पोट आणि कडेमधे एक बोट फट राहिली आणि कुठेही, काहीही वाजलं नाही. दादाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो न झालेला आवाज नक्की ऐकला असणार, कारण थोड्या वेळाने तो बाहेर आला, गाडीवरून एकदा हात फिरवला आणि तिची चाकं कापडी पट्ट्यांनी करकचून बांधायला लागला.

सरावाचं सांगायलाच हवं. ट्रेलर लावून पुढे जाणं कुणालाही येतं, मागे येणं येत नाही. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. कारखान्याच्या ओसाड आवारात वहिनी मागे घेतेय, ट्रेलर आडवा होतोय आणि मी मागे उभा राहून ओरडतोय. "भाऊजी," ती खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "तुम्ही तोंडाने उजवीकडे म्हणता आणि हात डावीकडे दाखवता. एक काय ते ठरवा, नाहीतर घरी जा." तेव्हा दादा बोलला. शेजारच्या सीटवरूनच म्हणाला, "अगं, चाक वरून धरू नकोस. खालून धर. ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात ने." तिने चाक खालून धरलं आणि ट्रेलर शहाण्यासारखा मागे सरकत भिंतीशी जाऊन उभा राहिला. दादाच्या चेहऱ्यावर त्या महिन्यातलं पहिलं हसू मी पाहिलं.

वहिनीने तपासणी पास केली, सराव केला. सरावात तिला बघून बाकीच्यांनी कान टवकारले होते, कारण पहिल्या दिवसापासून ती वळणं अशी कापत होती की तिथला एक मेकॅनिक मला म्हणाला, ही बाई पहिल्या पाचात येईल. आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी व्हॅन, ट्रेलर, गाडी आणि आम्ही तिघं असे डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. त्या रस्त्यात ट्रेलरने एकदाही शेपूट हलवलं नाही. आणि वहिनीने एकदाही वेग वाढवला नाही. मी पहिल्यांदाच त्या व्हॅनमध्ये डुलकी काढली.

रविवारी सकाळी दादाला घेऊन मी वर गेलो. एका वळणाला पांढरा कठडा होता, तिथे गाडी अगदी हाताच्या अंतरावरून जाते म्हणे. जागा पकडली. गाड्या सुटायला लागल्या. खालून आवाज यायचा, वाढत वाढत यायचा, दादा मान तिकडे वळवायचा, आणि गाडी सर्रकन त्याच्या त्या बांगडीएवढ्या जागेतून निघून जायची. "गेली?" तो विचारायचा. "गेली." दुसरी आली. त्याने आधीच मान वळवून ठेवली, नजर रोखून धरली. "गेली?" गेली होती. त्याला लाल काहीतरी दिसलं, म्हणाला. गाडी पिवळी होती.

एवढा खटाटोप, तो ट्रेलर, ते झगे, ते उचकटलेलं टेबल, आणि याला काय दिसणार तर एक रंगाचा फराटा? त्यात येणार कोण, तर आमची वहिनी, जी भाजी आणायलासुद्धा सुसाट जाते. खाली जाऊन तिला सांगावं तर रस्ता बंद. फोन तिने माझ्याच खिशात ठेवलेला. मला स्वतःचा असा राग आला की कठड्यावर लाथ मारली. दादाला ते माझ्याआधी कळलं होतं.

मग भोंग्यावरून वहिनीचा नंबर पुकारला. आवाज सुरू झाला. आणि वाढेना. भोंगेवाला म्हणाला, "गाडीत काही बिघाड झालेला दिसतो." लोक वाकून बघायला लागले. कुणीतरी हसलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हसू गिळलं.

वळणातून गाडी आली. माणूस चालतो त्या वेगाने. इंजिन नीट, गोड चालू होतं, कसलाही बिघाड नव्हता. वहिनीने ती रस्त्याचा मध्य सोडून कठड्याच्या अगदी कडेला घेतली होती आणि हेल्मेटची काच वर केली होती. दादाने नजर लावली. ती गाडी त्याच्या समोरून हळूहळू, हळूहळू गेली, आणि त्याची मान तिच्याबरोबर वळत गेली. शेवटपर्यंत वळत गेली. कठडा संपल्यावर वहिनीने काच खाली केली आणि मग जो काही पाय दाबला, तो आवाज डोंगरभर घुमला. भोंगेवाल्याने तिचा वेळ सांगितला तेव्हा लोकांत खसखस पिकली. सगळ्यांत शेवटचा नंबर, आणि तोही लाजिरवाणा.

गाड्या खाली उतरल्यावर आम्ही पायथ्याच्या मैदानात तिला गाठलं. एक अधिकारी तिला विचारत होता, गाडीला काय झालं. "गाडीला काही झालेलं नाही," वहिनी म्हणाली, "उत्तम गाडी आहे." मी तिला म्हटलं, "तुला कसं कळलं गं, किती हळू यायचं ते?" ती म्हणाली, "भाऊजी, मी रोज पाण्याचा पेला त्यांच्यासमोर धरते. तो दिसायला किती हळू धरायचा ते मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" मग दादाकडे वळली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. "दिसली ना हो? सगळी दिसली ना?"

दादा जरा ओशाळला. "गाडी राहिली बघायची," म्हणाला.

"म्हणजे?"

"तेवढ्या जागेत एकच काहीतरी मावतं. मी तुझ्याकडे बघत होतो."

"अहो, एवढं सगळं गाडीसाठी केलं ना," ती कशीबशी म्हणाली.

"गाडी मला हातानेही कळते," दादा म्हणाला. "तुझा चेहरा हाताने नाही कळायचा."

ती रडली. भर मैदानात, हेल्मेट छातीशी धरून, हुंदके देत रडली, आणि मीही रडलो, त्यात लाजायचं काय? मग तिने बाहीने तोंड पुसलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "दुपारी दुसरी फेरी असते. ती मी माझ्यासाठी चालवणार आहे. तेव्हा वळणावर कुणी उभं राहू नका."

दादा वळणावर गेला नाही. दुपारी तो सुरुवातीच्या रेषेशी थांबला, गाडीच्या अगदी पुढ्यात, वाकून, ती हातमोजे चढवते, पट्टा आवळते ते बघत. झेंडेवाल्याने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो हलला नाही. झेंडेवाल्याने पुन्हा सांगितलं. मग वहिनीनेच हात वर करून झेंडेवाल्याला थांबवलं आणि म्हणाली, "थांबा हो जरा. त्यांचं बघून होऊ दे."